चौऱ्याऐंशी अंक आणि दोन अंक

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला जाणाऱ्या माणसाला त्या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीचा पूर्वेतिहास ठाऊक असतोच असे नाही. १८८६ साली ती खुली झाली तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. ती बांधण्याचे घाटत होते तेव्हा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८७६ ते १८८२ हा त्यांच्या सभासदत्वाचा काळ. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवावा, असे म्हणून त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूला विरोध केला तिच्यावरच नाव लागावे, हा योगायोग मौजेचा आहे.

पण प्रस्तुत लेखाचा विषय ती वास्तू नव्हे. जोतीराव नगरपालिकेत बसत होते त्याच वर्षांत विष्णुशास्त्री चिपळूणकर हे एक तरुण शिक्षक पुण्यात एकट्याच्या बळावर मासिक चालवीत होते, आणि त्या मासिकातून जोतीरावांच्या लेखनाची यथेच्छ टिंगलही करीत होते. काही वर्षांनी जोतीरावांनी आपले स्वतःचे 'सत्सार' काढले. 'निबंधमाले'चे ८४ अंक निघाले, 'सत्सार'चे दोन. हा एवढा फरक का पडला? विष्णुशास्त्री चिकाटीचे आणि जोतीराव धरसोडीचे, असे कोणी म्हणेल तर त्याने जोतीरावांचे चरित्र वाचलेले नाही एवढेच म्हणावे लागेल.

प्रथम 'माले'कडे पाहू. १८७४ च्या जानेवारीत तिचा पहिला अंक निघाला तेव्हा विष्णुशास्त्र्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. मासिकातला जवळजवळ सर्व मजकूर ते एकटे लिहीत. दरमहा नवा विषय काढायचा आणि तो त्याच अंकात संपवायचा, असा हट्ट त्यांनी धरला असता तर 'माला' वर्षभरात थांबली असती. त्यांनी तसे केले नाही. मोठा विषय घ्यावा, तो अंकामागून अंक पुढे न्यावा, त्यात आडवळणे घ्यावीत, प्रतिपक्षाला गाठून त्याचा समाचार घ्यावा, आणि कंटाळलेल्या वाचकासाठी शेवटी 'विनोद व महदाख्यायिका' या सदरात चार चुटके द्यावेत, अशी त्यांची रीत होती. भाषा, इतिहास, वाचन, वक्तृत्व, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता, डॉक्टर जॉन्सनचे चरित्र असे काय वाटेल ते त्यात मावत असे. जॉन्सनचे नाव इथे सहज आलेले नाही. लंडनमध्ये १७५० ते १७५२ या दोन वर्षांत जॉन्सनने 'रँब्लर' हे पत्र आठवड्यातून दोनदा काढून २०८ अंक पुरे केले होते, आणि त्यातलेही थोडे सोडून सारे लेखन त्याचे एकट्याचे होते. त्याच्या 'रासेलस'चे भाषांतर वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. तेव्हा एकट्या माणसाने नियतकालिक कसे चालवावे याचा कित्ता त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

पण कित्ता असून भागत नाही, गिरवायला सवड लागते. ती त्यांना होती. सरकारी शाळेतली नोकरी होती, दरमहा पगार होता. वडिलांचे 'शालापत्रक' हातात आल्यामुळे छापखान्याचा आणि मुद्रितांचा सराव 'माले'च्या आधीच झालेला होता. चिपळूणकर या आडनावाला विद्वत्तेचा लौकिक होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्गणी भरून मासिक घेणारा, ते वाचणारा, वाचून चिडणारा किंवा खूश होणारा वाचक तयार होता. हायस्कुलांतून आणि कॉलेजांतून बाहेर पडलेला, कचेरीत किंवा शाळेत चिकटलेला असा हा वर्ग होता. त्याला मराठी लिहिण्याची थोडी लाज वाटत होती आणि ती लाज विष्णुशास्त्र्यांनी मोडून काढली. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली तरी 'माला' चालू राहिली. १८७९ साली नोकरी सोडून ते पुण्यास परतले, १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' निघाले. 'आमच्या देशाची स्थिती' हा दीर्घ निबंध 'माले'च्या अखेरच्या अंकांतला. १७ मार्च १८८२ रोजी बत्तिसावे वर्षही पुरे होण्याआधी ते वारले. त्यांच्या मतांचा एकांगीपणा आज आपल्याला खटकतो, आणि तो खटकलाच पाहिजे. तरीही मराठी गद्याला लांब पल्ल्याचा दम 'माले'ने दिला, हे नाकारता येत नाही.

आता 'सत्सार'. याला नियतकालिक म्हणावे की क्रमांक घातलेल्या पुस्तिका म्हणाव्यात, हा प्रश्न आहे. पहिला अंक १८८५ च्या जूनमध्ये आणि दुसरा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निघाला. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावरून उठलेले वादळ, ब्राह्मो समाज आणि प्रार्थना समाज यांची भूमिका, आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हे पुस्तक, असे त्यातले विषय होते. ताराबाईंच्या बाजूने त्या काळात छापील शब्दांत उभे राहणारे किती निघाले, याचा विचार केला म्हणजे या दोन अंकांचे मोल कळते. त्यातली वादाची धार 'माले'तल्या कोणत्याही निबंधापेक्षा कमी नाही.

मग तिसरा अंक का निघाला नाही? कारण सांगणारा जोतीरावांचा शब्द माझ्यासमोर नाही, पण परिस्थिती बोलकी आहे. जोतीराव ज्यांच्यासाठी लिहीत होते तो शेतकरी, माळी, कुणबी, महार, मांग वाचक नव्हता, श्रोता होता. 'शेतकऱ्याचा असूड' हे १८८३ चे पुस्तक त्यांनी ठिकठिकाणी लोकांपुढे वाचून दाखविले. सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. ऐकणारा माणूस हलतो, पेटतो, सभेला येतो, परंतु वर्गणीदार होत नाही. नियतकालिकाला महिन्याच्या महिन्याला पैसे पाठविणारा आणि टपालाची वाट पाहणारा माणूस लागतो. तो माणूस घडविण्यासाठी आधी शाळा हव्यात, आणि बाजाराच्या इमारतीऐवजी शिक्षणावर खर्च करा म्हणणारे जोतीराव नगरपालिकेत हेच तर सांगत होते! शिवाय समाजाचे काम, कंत्राटाचा व्यवसाय आणि पुढे १८८८ मध्ये अंगावरून गेलेला वारा. शेवटचे पुस्तक तर त्यांनी डाव्या हाताने लिहिले. ते छापून आले १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर.

म्हणून मला वाटते, नियतकालिकाच्या सातत्याला आपण केवळ लेखकाचा गुण मानतो, ही पाहणी अपुरी आहे. सातत्याचा खर्च कोणीतरी भरीत असतो. 'माले'चा खर्च पगाराने आणि वर्गणीदारांनी भरला. 'सत्सार'चा भरणारा अजून शाळेतच गेला नव्हता.

यावर कोणी रघुनाथ धोंडो कर्व्यांचे उदाहरण पुढे करील, आणि ते योग्यच आहे. विष्णुशास्त्र्यांनी ज्याचा पाया घातला त्याच न्यू इंग्लिश स्कूलचे हे विद्यार्थी. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ साली त्यांची मुंबईच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि ते नोव्हेंबर १९५३ पर्यंत चालविले. त्याआधीच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, ते वारले होते. म्हणजे सव्वीस वर्षे! मध्यंतरी अश्लीलतेचे खटले झाले. पहिल्यात शंभर रुपये दंड. १९३४ च्या खटल्यात डॉक्टर आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले तरी दोनशे रुपये दंड. कर्व्यांजवळ पगार नव्हता, प्रतिष्ठा नव्हती. खर्च त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून आणि मालतीबाईंच्या आयुष्यातून भरला. पण एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. ज्या शंका वाचक घरी, दवाखान्यात किंवा मित्रालाही विचारू शकत नव्हता, त्या तो पत्राने 'समाजस्वास्थ्य'ला विचारीत होता, आणि कर्वे त्यांना सडेतोड उत्तरे देत होते. वाचकांची ती पत्रे म्हणजेच पुढच्या अंकाचा मजकूर. जे वर्गणीने साधले नाही ते या प्रश्नांनी साधले असावे.

आज छापखान्याचे बिल आणि टपालखर्च न भरताही कोणालाही आपले लेखन दरमहा लोकांपुढे ठेवता येते. पण अंक कोणासाठी, आणि तो माणूस उलट काही लिहील काय, हे दोन्ही प्रश्न १८७४ इतकेच अवघड राहिले आहेत.

ग्रंथालयात 'निबंधमाले'चे जाडजूड खंड सहज दिसतात. 'सत्सार' निराळे असे कपाटात सापडणार नाही. ते १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मया'त, मोठ्या पुस्तकांच्या गर्दीत, थोड्याशा पानांत आहे. दोन्ही एकाच टेबलावर शेजारी ठेवून वाचावीत. आधी 'सत्सार' वाचले तर अधिक बरे.