उतारावरची ट्रॉली

गळिताच्या हंगामात तळेगाव ढमढेरे परिसरात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला सोडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. समजा, भरलेल्या ट्रॉलीचे वजन 8 टन आहे आणि रस्ता 20 मीटरला 1 मीटर उतरतो. मग वजनाचा विसावा भाग, म्हणजे सुमारे 400 किलोग्रॅम-भार एवढे बल तिला सतत खाली ओढत असते. ट्रॅक्टर जोडलेला असेतोवर त्याचे ब्रेक हे बल पेलतात. पिन काढली की ट्रॉलीला धरणारे कोणी नाही, आणि चाके तर फिरण्यासाठीच असतात! म्हणून चाके आधी अडवावीत, पिन नंतर काढावी. पिन काढणारा माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्येच उभा असतो.

गोल धोंडा घरंगळतो. लाकडी पाचर बरी. चाक तिच्यावर चढू पाहते तेव्हा वजनाचा काही भाग पाचरीवर येतो, ती जमिनीवर दाबली जाते आणि तिचे घर्षण वाढते. ट्रॉलीच तिला पकडून ठेवते म्हणा ना! दोन्ही बाजूंच्या चाकांना, उताराकडून, पाचरी घट्ट टेकवाव्यात. ट्रॉली एका अंगाला कलत असेल तर सखल बाजूच्या चाकाखाली फळी द्यावी, पण पाचरी बसवण्यापूर्वी.

निघताना आधी ट्रॅक्टर जोडावा, मग पाचरी काढाव्यात. आणि त्या उचलून न्याव्यात. रस्त्यात राहिलेला धोंडा रात्री सायकलस्वाराला दिसत नाही.