नोंदवहीतील आकडे आणि माता

बेळगाव व नागपूर परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातील गर्भवतींच्या नोंदी, प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत, ‘ग्लोबल नेटवर्क’च्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत घेतल्या गेल्या. याच जाळ्यातील सहा देशांत ११,९७६ पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण ११.६ टक्के, तर न घेणाऱ्यांत १३.१ टक्के आढळले. इतका सूक्ष्म फरक एका तालुक्याच्या आकड्यांत खात्रीने दिसला नसता. मात्र माहिती परदेशी जाताना मातेचे नाव गुप्त राहावे, येळ्ळूरच्या मातेस संमतिपत्र मराठीतून समजवावे आणि निष्कर्षही तिला कळवावा. ही जबाबदारी आपणा स्थानिक डॉक्टरांचीच आहे.