भाकरी तोडू नकोस, बायडे

काल फोनवर विचारलंस, "ताई, ॲप म्हणतं मी नॉर्मल आणि डॉक्टर म्हणतात वजन जास्त. मग खरं कुणाचं?" आणि त्याच दमात सांगून टाकलंस की भाकरी बंद केलीय, रात्री नुसती काकडी खाते. पोरं आजूबाजूला असताना हे फोनवर बोलणं व्हायचं नाही, म्हणून लिहितेय.

दोघांचंही खरं आहे. तुझं वजन ५४ किलो, उंची दीड मीटर. वजनाला उंचीने दोनदा भागलं की २४ येतात, तोच तुझा बीएमआय. जगासाठीच्या तक्त्यात १८.५ ते २५ ठीक, म्हणून ॲप खूश. पण २००९ साली भारतातल्या तज्ज्ञांनी आपल्या लोकांसाठी रेघ खाली ओढली. २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा. कारण आपल्याला साखरेचा आजार कमी वजनातच गाठतो.

का गाठतो, याचा शोध फार लांब नाही, पुण्यातच लागलाय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, पण कमी होतं ते मुख्यतः स्नायूंचं मांस, चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! मला हा फोटो फार आवडतो. स्वतःच्या पोटाचा पुरावा जगापुढे मांडायला हिंमत लागते.

म्हणजे काटा वजन सांगतो, ते कशाचं आहे हे सांगत नाही. आणि बीएमआयचं गणित मांडणारा केतले हा बेल्जियमचा आकडेशास्त्री होता, वैद्य नव्हे. १८३०च्या दशकात त्याला माणसांची सरासरी काढायची होती, तुझं पथ्य ठरवायचं नव्हतं. तू त्याच्यावर विसंबून जेवण सोडलंस.

म्हणून टेप घे. शिवणकामाची चालेल. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घे. परकराच्या नाडीची जागा म्हणजे कंबर नव्हे, ती खाली असते. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची खूण, पुरुषांसाठी ९०. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत राहिली तर उत्तम, म्हणजे तुझी ७५. वजन रोज करू नकोस. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, काटा किलोभर वर जातो आणि तू उगीच रडत बसतेस.

आता खाण्याचं. त्या ॲपने तुला १२०० कॅलरी दिल्यात ना? तुझं वय बत्तीस. नुसतं अंथरुणात पडून राहिलीस तरी हृदय, फुप्फुसं, मेंदू चालवायला शरीराला अंदाजे ११५० लागतात. म्हणजे ॲपने तुला पडून राहण्यापुरतं दिलंय. वर दोन पोरं, बँकेतली नोकरी आणि सासूबाईंचं सगळं तू करणार कशावर? अशा उपासात चरबीबरोबर मांसही झडतं, आणि तेच तर आपल्याकडे मुळात कमी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडलाय. ५५ किलोच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला १६६०, मध्यम कष्टाला २१३० आणि जड कष्टाला २७२० कॅलरी. आता आईकडे बघ. सोयाबीनच्या खुरपणीत, काढणीत दिवसभर वाकलेली असते, तीन-तीन भाकऱ्या खाते आणि अंगाला काही लागत नाही. बैठ्या आणि जड कामात हजारावर कॅलरींचा फरक आहे. पाऊण वाटी-वाटीभर ज्वारीच्या पिठाची एक भाकरी साधारण अडीचशेची धर, म्हणजे चार भाकऱ्या! आपण शिकलो, खुर्चीवर बसलो, घरात मिक्सर आणि वॉशिंग मशीन आलं. ताट मात्र आईचंच राहिलं. यात लाजायचं काही नाही.

तरी दोष भाकरीचा नाही. दुपारच्या चहाबरोबरचं फरसाण, भाजीवरचा तेलाचा तवंग, पाहुण्यांबरोबर उचललेला कुंथलगिरीचा पेढा यांचा हिशेब तू धरतच नाहीस. छोटा चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी. नवरात्रात नऊ दिवस उपास धरून बायका वजन वाढवून बसतात ते याचमुळे. साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप मिळून खिचडीची एक ताटली पाचशेच्या आसपास सहज जाते. आई भवानी रागावणार नाही, पण कंबर रागावते! दीड-दोन भाकरी खा, त्याबरोबर घट्ट वरण किंवा पिठलं, मोडाची मटकी, चालत असेल तर अंडं. दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत.

आणि "मी घरात इतकी राबते, वेगळा व्यायाम कशाला?" हे तुझं नेहमीचं. राबण्याने थकवा येतो हे मान्य, पण दम लागतो का? साधी खूण सांगते. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. आरामात गाणं म्हणता येत असेल तर ते फिरणं, चांगलं आहे, पण व्यायाम नव्हे. आकडाच हवा असेल तर २२० मधून वय वजा कर, तुझे १८८ आले. मनगटाची नाडी दहा सेकंद मोज. सोळा ते बावीस ठोके म्हणजे मध्यम, त्यावर जोराचा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम व्यायाम निदान १५० मिनिटं सांगते, जोराचा असेल तर ७५, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा स्नायूंचा व्यायाम आपल्या बायका सहसा करत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठबस कर, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचल. हातलाईच्या डोंगराच्या चढावर मैत्रिणींबरोबर जातेस ना, तिथे गप्पा तुटेपर्यंत वेग वाढव.

मात्र जिना चढतानाच धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपास. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे. त्यावर चालण्याचा वेग वाढवणं हा उपाय नाही. थायरॉइडही बघून घे.

आपल्या जिल्ह्याची सारिका काळे आठवते? खो-खोतली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. गरिबीमुळे कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं, असं तिने स्वतः सांगितलंय. शिबिरात गेलं की चांगलं खायला मिळायचं. तिच्या घरात नव्हतं म्हणून ती उपाशी राहिली. तुझ्या घरात ज्वारीची पोती आहेत आणि तू काकडी खातेस, याचा मला राग येतो.

आज रात्री एक भाकरी खा. रविवारी येतेस तेव्हा टेप आण. आधी आईची कंबर मोजू, मग तुझी, माझीही. आई "मला कशाला गं" म्हणेल. तिला मी बघते, तू फक्त आकडा लिहून घे.