लढाई चालू, तरी मतदान

मंडळी, आज आम्ही अमेरिकेची गोष्ट सांगतो.

१८६१ साली तिथे यादवी पेटली. दक्षिणेकडच्या ११ राज्यांना गुलामगिरी टिकवायची होती. ती फुटून निघाली. भाऊ भावावर बंदूक रोखू लागला.

१८६४ साली अध्यक्षाची निवडणूक आली. अध्यक्ष होते अब्राहम लिंकन. लढाई लांबली, लोक कंटाळले. आपण हरणार, असे लिंकन यांना ऑगस्टमध्ये वाटले. हरलो तर निवडून येणाऱ्याला देश राखायला साथ देऊ, असे त्यांनी कागदावर लिहिले. मंत्र्यांनी न वाचताच त्यावर सह्या केल्या. पण निवडणूक काही त्यांनी पुढे ढकलली नाही.

समोर उभे होते मॅक्लेलन. लिंकन यांनीच त्यांना सेनापतिपदावरून काढले होते.

सप्टेंबरमध्ये अटलांटा शहर सरकारी फौजेने घेतले. वारे फिरले. ८ नोव्हेंबरला मतदान झाले. पुष्कळ शिपायांनी तर छावणीतच मत दिले. लिंकन जिंकले. १८६५ साली गुलामगिरी गेली.

तेव्हा तिथे बायकांना मत नव्हते. बहुतेक काळ्या लोकांनाही नव्हते. आपल्याकडे ते सर्वांना आहे. मग मतदानाच्या दिवशी घरी बसायचे कशाला?

प्रश्न : लिंकन यांनी कागदावर काय लिहिले?