पोच अडली की माल अडतो : सामायिक इंटरनेटवर फाइलवाटपाचा पाठ



मागच्या उन्हाळ्यात मांडव्याच्या आमच्या घरात माझ्या हातून एक चूक झाली. ती निस्तरताना जे शिकले, ते या अंकात पाठ म्हणून मांडते आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण वाडीवरच्या अभ्यासवर्गासाठी घरच्याच इंटरनेटवरून पुस्तके आणि चित्रफिती उतरवून घेतात. त्यांना हा पाठ उपयोगी पडेल.

आमच्या घरात तीन बिऱ्हाडे आहेत आणि इंटरनेटची जोडणी एकच. खालच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई, मागच्या खोल्यांत मुंबईच्या ऑफिसचे काम घरून करणारा पुतण्या आणि माडीवर मी. महिन्याचे बिल तिघांत वाटून घेतो. धक्क्यावर उभे राहिले तर पाण्यापलीकडे मुंबई दिसते, पण इंटरनेट मात्र आमच्यापर्यंत रांगतच येते.

अभ्यासवर्गासाठी मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे मराठी विकिपीडियाची संपूर्ण प्रत. ‘किविक्स’ या मोफत प्रोग्रामवर ती इंटरनेटशिवाय वाचता येते. दुसरी, देणगीत आलेल्या जुन्या संगणकांसाठी लिनक्स मिंट. दोन्ही टॉरेंटने मिळतात, म्हणून लॅपटॉपवर ‘क्यूबिटटॉरेंट’ बसवला आणि काम लावून दिले. दोन दिवसांत फाइली उतरल्या. काम संपले असे समजून मी लॅपटॉप तसाच चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जवळच्या आदिवासीवाडीतली एक मुलगी आली. बारावी झालेली, तिच्या वाडीतली पहिलीच. “ताई, अर्जाची आज शेवटची तारीख. जातीचा दाखला चढतच नाही हो,” म्हणाली. दुपारी बाहेर दोन ठिकाणी प्रयत्न करून झाले होते. पण आमच्याकडेही तेच. पडद्यावर चक्र नुसते फिरत राहिले. दाखल्याची फाइल फक्त २ मेगाबाइटची, तरी तीन वेळा वेळ संपून पान मिटले. साडेदहाला पुतण्या वर आला. “काकू, तुमच्या लॅपटॉपवर काय चाललंय?” म्हणाला आणि पाहून त्याने क्यूबिटटॉरेंट बंद केला. पुढच्या मिनिटाभरात दाखला गेला आणि अकराच्या आत अर्ज भरून झाला.

मुलगी आनंदाने गेली. मला मात्र झोप लागली नाही. तिच्यासाठी जे आणायला गेले, त्यानेच तिची वाट अडवली होती.

नेमके काय झाले होते?

टॉरेंटची पद्धत २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी तयार केली. यात फाइल एकाच ठिकाणाहून येत नाही. तिचे लहान लहान तुकडे अनेकांच्या संगणकांवरून येतात आणि आपल्याकडे आलेले तुकडे आपला संगणक पुढे इतरांना देतो. फाइल पूर्ण झाल्यावरही हे देणे चालूच राहते. माझा लॅपटॉप दोन दिवस जगभरच्या लोकांना लिनक्स मिंट वाटत होता. काम चांगलेच होते, पण ते घरातल्या सगळ्यांची वाट वापरून चालले होते.

घरगुती जोडणीत येण्याची वाट पुष्कळदा रुंद आणि जाण्याची अरुंद असते. आमच्याकडे मोजल्यावर डाउनलोड ८ मेगाबिट आणि अपलोड अवघे १ मेगाबिट निघाले. ही अरुंद वाट भरली की राऊटर जादा माल आपल्या पोटात साठवतो आणि मोठी रांग लागते. दाखला त्या रांगेच्या शेपटाला उभा होता.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण काही उतरवून घेत असतानाही आपला संगणक मिळालेल्या मालाची पोच सतत परत पाठवत असतो. पोच मिळाली की समोरून पुढचा माल सुटतो. जाण्याची वाट तुंबली की पोच अडते, आणि पोच अडली की येणारा मालही अडतो. म्हणूनच त्या दोन दिवसांत जाऊबाईंची भजने आणि पुतण्याच्या मीटिंगा एकाच वेळी अडखळत होत्या. आम्ही मात्र तिघेही कंपनीला नावे ठेवत होतो.

आता सेटिंग कसे करावे?

१. आधी मोजा. घरात दुसरे कोणी वापरत नसताना वेग तपासणाऱ्या संकेतस्थळावर डाउनलोड आणि अपलोड दोन्ही आकडे लिहून घ्या. हे आकडे मेगाबिटमध्ये असतात, तर प्रोग्राममध्ये मर्यादा किलोबाइटमध्ये भरायची असते. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ किलोबाइट आणि ८ मेगाबिट म्हणजे १,००० किलोबाइट. इथे घोटाळा झाला तर मर्यादा आठपट चुकते.

२. अपलोडला लगाम घाला. क्यूबिटटॉरेंटमध्ये टूल्स, ऑप्शन्स, स्पीड या क्रमाने गेले की मर्यादेची चौकट दिसते. तिथे मुळात शून्य असते. शून्य म्हणजे बंद नव्हे, शून्य म्हणजे मोकाट! माझी चूक हीच होती. घर झोपलेले असताना मोजलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांपर्यंत जावे, जागे असताना २० टक्क्यांवर थांबावे. आमच्याकडे हे आकडे १०० आणि २५ होतात. डाउनलोडसाठी मी रात्री ८००, दिवसा ३०० ठेवले आहेत. ३०० ने सुद्धा १ गिगाबाइटची फाइल तासाभरात उतरते.

३. वेळापत्रक लावा. त्याच पानावर पर्यायी मर्यादा आणि तिची वेळ नेमण्याची सोय आहे. मी सकाळी ६ ते रात्री ११ दिवसाचे कमी आकडे लावले आहेत. रोज हाताने बदलायचे ठरवले तर चार दिवसांत विसर पडतो.

४. गर्दी कमी करा. मुळात एकूण ५०० जोडण्यांची मुभा असते. स्वस्त राऊटरला इतक्या जणांचा हिशेब झेपत नाही आणि तो गुदमरतो. मी एकूण ६० आणि एका फाइलला २० ठेवल्या. एका वेळी एकच फाइल उतरवते.

५. परतफेड करा, पण मोजून. घेतले तेवढे दिले की देणे थांबावे, असे प्रमाण ठरवता येते. मी ते १ ठेवले आहे. काही न देता फक्त घेत राहणे बरे नाही. शिवाय टॉरेंटच्या व्यवहारात देणाऱ्यालाच इतरांकडून अधिक मिळते.

६. पुन्हा तपासा. वेग तपासताना ‘पिंग’ नावाचा आकडा दिसतो. निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागला, ते तो सांगतो. आमच्याकडे वाट मोकळी असताना तो ४० मिलिसेकंद येतो. मोकाट अपलोड चालू ठेवून पाहिले, तर २,००० च्या वर गेला. लगाम घातल्यावर ६० च्या आसपास राहतो. तुमच्याकडे फार वाढत असेल तर अपलोडची मर्यादा आणखी खाली आणा.

पावसाळ्यात वीज गेली तरी घाबरू नये. टॉरेंट प्रत्येक तुकडा तपासून घेतो आणि वीज आल्यावर राहिलेले तुकडेच मागतो. आलेले वाया जात नाही.

काय वाटावे, काय वाटू नये?

विकिपीडिया आणि लिनक्स मिंट यांच्या प्रती वाटायला मोकळीक आहे. सिनेमे आणि विकत मिळणारी पुस्तके यांना ती नसते, आणि संस्थेच्या संगणकावर तर ती येताच कामा नयेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लाभार्थ्यांचे आधार कार्ड, जातीचा दाखला, वनहक्काचे कागद किंवा मुलांचे फोटो टॉरेंटवर कधीही ठेवू नयेत. एकदा बाहेर गेलेली प्रत परत बोलावता येत नाही.

असे कागद वसतिगृह आणि कार्यालय यांच्यात पाठवायचे असतील तर ‘सिंकथिंग’ हा मोफत प्रोग्राम बरा. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या यंत्राला मान्यता दिल्याशिवाय त्यात काहीच जात नाही, आणि जे जाते ते कुलूपबंद जाते. मात्र इथेही शून्य म्हणजे मोकाटच, तेव्हा मर्यादा घालावी. आणि एक ध्यानात ठेवावे : एकीकडे खोडलेली फाइल दुसरीकडेही खोडली जाते. म्हणून वेगळी प्रत जपून ठेवावीच.

कधी कधी इंटरनेट बाजूला ठेवणेच शहाणपणाचे. गेटवेहून मांडव्याला लाँच साधारण तासाभरात येते. कोणी १६ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह भरून आणला, तर तेवढाच माल आमच्या जोडणीवर पूर्ण वेगाने उतरायलाही साडेचार तास लागतील. मुंबईहून येणारा पाहुणा म्हणजे आमची सर्वांत वेगवान जोडणी!

वाडीवर तर इंटरनेट लागतच नाही. किविक्सची प्रत एका मोबाइलमध्ये ठेवून त्याचा हॉटस्पॉट सुरू केला की इतर मोबाइलवर डेटा न घालवता विकिपीडिया वाचता येतो. दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा मागे राहते. ही प्रत मात्र त्यांच्याबरोबर जाऊ शकते. एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

स्वाध्याय

१. तुमच्या जोडणीचा अपलोड २ मेगाबिट आहे. रात्रीची ८० टक्के मर्यादा किती किलोबाइट भराल? (उत्तर : २ मेगाबिट म्हणजे २५० किलोबाइट; त्याचे ८० टक्के २००.)

२. तुमच्या संगणकावर फाइलवाटपाचा एखादा प्रोग्राम मागच्या बाजूने चालू आहे का? आजच पाहा. मर्यादेच्या चौकटीत शून्य असेल तर ते बदला.

३. जोडणी ज्यांच्याबरोबर वाटून घेता, त्यांना कोणत्या वेळी काम असते ते विचारा आणि त्याप्रमाणे वेळापत्रक लावा.

हा तिसरा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारायला हवा होता. आता आमच्या राऊटरशेजारी भिंतीवर एक कागद लावला आहे. पुतण्याच्या मीटिंगा आणि जाऊबाईंच्या भजनांच्या वेळा त्यावर आहेतच. सर्वांत वर मात्र मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : “वाडीवरचे कोणी अर्ज भरायला आले, तर आधी बाकी सगळे बंद.”