ऑगस्टात ये, मग ठरव

जयसिंगपूर



पुणं सोडून इकडं येऊन राहायचं तुमच्या मनात आहे, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. पण घर बघायला दिवाळीत येणार म्हणतोस, ते मला पटलेलं नाही. दिवाळीत आमचं गाव कुणालाही आवडतं. तू ऑगस्टात ये, भर पावसात.

शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या जनक वडिलांच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव वसवलं ते व्यापारपेठ म्हणून. त्यामुळं रस्ते सरळ, आखीव आणि गल्ल्या नंबरानं ओळखायच्या. शाळा, बँक, बाजार सगळं पायी होतं. पण मोठं दुखणं आलं की मिरज गाठावी लागते, मोठ्या खरेदीला सांगली, जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं की कोल्हापूर. तुझं काम घरबसल्या आहे. सूनबाईंचं तसं नाही. लॅबमधलं त्यांचं काम बहुधा मिरजेतच मिळेल, म्हणजे रोज कृष्णा ओलांडून जाणं आलं. घरभाडं किती वाचतं हे तू मांडलंस, तसा हा रस्ताही हिशेबात धर.

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोका पातळी 45 फुटांची. सांगलीकडचा रस्ता पाण्याखाली आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद. पुराच्या गावांतली माणसं जनावरांसकट इकडं आली. शाळा, मंगल कार्यालयं भरून गेली, रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, आणि पोरं त्यांना वैरण टाकत होती. गावात जेवणाची आबाळ झाली नाही, कारण घराघरांतून भाकरी जात होत्या. या गावावर माझा जीव आहे तो अशा माणसांमुळं. पण त्या दिवसांत कुणाच्या छातीत कळ आली असती तर मिरजेला न्यायचं कसं, हा विचार मला झोपू देत नव्हता. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. ताई तुमच्याबरोबर येणार आणि तिचं हृदयाचं दुखणं आहे, म्हणून हे आधी लिहिलं.

जागा बघताना एजंट ‘इथं पाणी येत नाही’ म्हणेल. त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा माग. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. प्लॉट एनए आहे की गुंठेवारीतला, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, हेही बघ. नुसत्या नोटरीच्या कागदावर व्यवहार करायचा नाही. माझं मत विचारशील तर पहिलं वर्षभर भाड्यानंच राहा.

ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर पळतात. विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद होते आणि दराचं आंदोलन पेटलं की वाहतूक अडते. शेतकऱ्याचा तो हक्काचा लढा आहे, त्यावर चिडायचं नाही. मुख्य रस्त्यालगत घर मात्र नको, धाकटीची झोप मोडेल.

शाळांबद्दल लिहीत नाही, चांगल्या आहेत. तू स्वतः जाऊन मास्तरांशी बोल.

ताईची औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट पाठवून दे. मिरजेतल्या डॉक्टरांना मी आधी दाखवून ठेवतो. तोवर कुणालाही टोकन देऊ नकोस.

तुझा,
मामा