वाऱ्याच्या हाती सुकाणू

प्रश्न : माझी टिलरची २८ फुटी शिडाची होडी आहे. वाऱ्यावर चालणारं स्वयंसुकाणू स्वस्तात कुठलं घ्यावं?

उत्तर : जुनं ‘एरीज’ किंवा ‘मॉनिटर’ शोधा. वाऱ्यानं वरचं पातं कलतं, त्यामुळे पाण्यातलं वल्हं वळतं. मग वाहतं पाणीच वल्ह्याला बाजूला रेटतं आणि दोऱ्या टिलर ओढतात. वीज लागत नाही. घेताना बेअरिंग हलवून बघा, सुटे भाग मिळतात का तेही विचारा. एवढंही परवडत नसेल, तर पुढच्या शिडाची दोरी कप्पीतून टिलरला वाऱ्याच्या बाजूनं बांधा, विरुद्ध बाजूला रबरी नळी. चालतं, फक्त चिकाटी हवी! पण आधी शिडांचा तोल साधा. मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या शिडाच्या होडीचं स्वयंसुकाणू १९६८मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झालं, तरीही तिचे खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांचा तोल साधत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.